घरासमोरच्या रस्त्यावर स्किप: चाळीस दिवसांचा हिशेब

बाबा डिसेंबरात सांगलीहून आमच्याकडे येणार होते. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, आणि आमच्या घरात बाथरूम एकच, तीही तेरा पायऱ्या चढून वर. म्हणून जिन्याखालची अडगळ आणि स्वयंपाकघराचा एक कोपरा मिळून खाली छोटी बाथरूम काढायचं ठरलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला, गुरुवारी, बिल्डर मापं घेऊन गेला. दारात बूट घालता घालता म्हणाला, “चार नोव्हेंबरला सुरू करतो. तेवढं स्किपचं तुम्ही बघा.”

बाथरूम, टाइल्स, नळजोडणी यांवर लिहिलेलं भरपूर मिळतं. स्किपबद्दल मराठीत मला काही सापडलं नाही, आणि त्या पाच-सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त गोंधळ, फोन आणि काळजी त्याचीच होती. म्हणून झालं तसं क्रमानं लिहिते.

स्किप म्हणजे राडारोडा भरायचा उघडा लोखंडी डबा. ट्रक येऊन साखळ्यांनी तो खाली सोडतो आणि भरला की उचलून नेतो. घरासमोर स्वतःची गाडी लावायची जागा असेल तर तिथं ठेवायला सहसा परवाना लागत नाही. आमचं घर लंडनच्या वायव्य उपनगरातल्या जुन्या चाळवजा रांगेतलं. दार उघडलं की चार फुटांची बाग, मग बुटकी भिंत, पेव्हमेंट आणि लगेच रस्ता. रस्त्यावर रहिवाशांसाठी आखलेले पार्किंग बे. म्हणजे डबा ठेवायचा तर रस्त्यावरच, आणि रस्ता काउन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा.

इथला कायदा हायवेज ॲक्ट १९८० चा, कलम १३९. हायवे म्हटलं की आपल्याला पुणे-बंगळूर रस्ता आठवतो, पण इंग्लंडच्या कायद्यात लोकांच्या वहिवाटीचा कुठलाही रस्ता हायवेच. आमची गल्लीसुद्धा, आणि तिची पेव्हमेंटसुद्धा. तिथं परवानगीशिवाय स्किप ठेवणं हा गुन्हा आहे. लंडनमध्ये ही परवानगी बहुतेक रस्त्यांसाठी तुमच्या बरोचं, म्हणजे शहरातल्या तुमच्या विभागाचं, काउन्सिल देतं. कडेला लाल रेघा असलेले मोठे रस्ते मात्र ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या शहराच्या वाहतूक संस्थेच्या ताब्यात असतात आणि तिथला अर्ज त्यांच्याकडे करावा लागतो. रस्ता कुणाचा हे आधी बघा.

शनिवारी, ५ ऑक्टोबरला, मी तीन कंपन्यांना फोन केले. सगळ्यात स्वस्त दर देणाऱ्याला मी कचरा वाहून नेण्याच्या नोंदणीचा क्रमांक विचारला. तो म्हणाला, नंतर पाठवतो, रोख तयार ठेवा. क्रमांक आला नाही. हा प्रश्न विचारणं गरजेचं आहे, कारण आपला कचरा नोंदणी असलेल्याच माणसाच्या हाती देणं ही इथं घरात राहणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. त्यानं तो कुठं शेतात नेऊन ओतला आणि त्यात तुमच्या नावाचं एखादं पाकीट सापडलं तर विचारणा तुम्हालाच होते. इंग्लंडमध्ये २०२३ पासून हा दंड ६०० पाउंडांपर्यंत गेलाय. एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या वेबसाइटवर ही नोंदवही सगळ्यांना खुली आहे. बांधकामाचा कचरा नेणाऱ्यांचा क्रमांक ‘सीबीडीयू’ या अक्षरांनी सुरू होतो. तिथं नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

हे वाचताना मला सांगलीच्या घराची दुरुस्ती आठवली. तेव्हा टेम्पो भरभरून राडारोडा गेला. तो कुठं गेला हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. नदीच्या काठानं फिरताना विटांचे आणि टाइल्सचे ढीग दिसतात तेव्हा आता तो टेम्पो डोळ्यांसमोर येतो.

नोंदवहीत नाव सापडलेल्या दुसऱ्या कंपनीकडून सहा यार्डांचा स्किप १४ दिवसांसाठी २८० पाउंडांना ठरवला. सहा यार्ड म्हणजे साधारण साडेचार घनमीटर. विटा, माती, टाइल्स अशा जड मालासाठी आठ यार्डांच्या वर बहुतेक कंपन्या देतच नाहीत, कारण भरलेला डबा ट्रकला उचलता आला पाहिजे. दर जास्त का, हेही तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं. जमिनीत पुरायच्या कचऱ्यावर इथं १९९६ पासून कर आहे. २०२४-२५ मध्ये तो टनाला १०३.७० पाउंड होता. नुसती माती-दगड असेल तर फक्त ३.३०. म्हणून विटांच्या डब्यात गालिचा आणि लाकूड मिसळू नका असं त्या कळकळीनं सांगत होत्या.

मग त्यांनी विचारलं, “बे सस्पेंड केलाय ना?” मला वाटत होतं परवाना एकच असतो. परवाने दोन. रस्त्यावर डबा ठेवायचं स्किप लायसन्स वेगळं आणि पार्किंग बे तेवढ्या दिवसांपुरता बंद करणं वेगळं. लायसन्सचा अर्ज आमच्या काउन्सिलकडे फक्त स्किप कंपनीच करू शकते, कारण तिचा विमा आणि नोंदणी तपासली जाते. बे सस्पेन्शनचा अर्ज मात्र मी करायचा, आणि तो कामाचे दहा दिवस आधी. कामाचे, म्हणजे शनिवार-रविवार सोडून.

लायसन्सचे ६४ पाउंड. सस्पेन्शनला अर्जाचे ८५ आणि वर प्रत्येक दिवसाचे ३०. हे आकडे आमच्या काउन्सिलचे, शेजारच्या बरोत वेगळे असतील. पण रोजचा दर बघितल्याबरोबर मी बिल्डरला फोन केला. चौदा दिवस स्किप ठेवला तर नुसत्या जागेचे पाचशेच्या वर जाणार होते. तोडफोड सगळी एका आठवड्यात उरकायची, नवं काम नंतर, असं आम्ही ठरवलं. ६ ते १२ नोव्हेंबर, सात दिवस. जमलं तर तुम्हीही बिल्डरशी हे बोलणं तारीख ठरायच्या आधी करा.

८ ऑक्टोबरला दोन्ही अर्ज गेले. १५ तारखेला परत आले. जागा नामंजूर, कारण हायड्रंट.

मी फोन हातात घेऊन बाहेर आले. आमच्याच भिंतीवर, डस्टबिनच्या मागे, एक पिवळी पाटी आहे. काळ्या रंगात इंग्रजी एच, त्याच्या वरच्या फटीत १०० आणि खालच्या फटीत २. सहा वर्षं मी त्या पाटीशेजारून दूध आणायला जातेय. वरचा आकडा म्हणजे खालून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपचा व्यास, मिलिमीटरमध्ये. खालचा आकडा म्हणजे पाटीपासून हायड्रंटचं अंतर, मीटरमध्ये. मी दोन मोठी पावलं टाकली. पेव्हमेंट संपली, आणि रस्त्याच्या कडेला, आमची गाडी नेहमी उभी असते तिथं, एफ आणि एच कोरलेलं लोखंडी झाकण होतं. आग लागली तर बंबवाले याच झाकणातून पाणी घेणार, आणि मी त्यावर काही टनांचा डबा ठेवायला निघाले होते. गाडी ढकलता येते. भरलेला स्किप कोण ढकलणार?

अर्जात नुसता घर क्रमांक लिहिला तर असं होतं. दुसऱ्या वेळी मी टेप घेऊन बाहेर गेले. जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक, कोपऱ्यापासूनचं अंतर, गटाराच्या जाळ्या, झाकणं, समोर उभ्या गाड्या धरून उरणारी रस्त्याची रुंदी, सगळं मोजून कागदावर आकृती काढली आणि चार फोटो जोडले. बसणारी जागा दोन घरं पलीकडं निघाली.

त्या घरात एक आजी एकट्या राहतात. त्यांची नजर बरीचशी गेलीय, पांढरी काठी घेऊन रोज कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. कायद्यानं त्यांची संमती लागत नव्हती, पण न विचारता त्यांच्या दारासमोर डबा ठेवणं मला जमलं नसतं. १६ तारखेला, कोजागिरीच्या संध्याकाळी, त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट मागितली. पेव्हमेंटवर काही येऊ देऊ नका, आणि डब्यातून काही बाहेर डोकावू देऊ नका. “जमिनीवर काही असलं तर काठीला कळतं,” त्या म्हणाल्या, “वरून पुढं आलेलं काठीला कळत नाही. ते इथं कळतं.” आणि त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

लायसन्सच्या अटी नंतर आल्या तेव्हा मी त्या वेगळ्याच नजरेनं वाचल्या. स्किप रस्त्यावरच हवा, पेव्हमेंटवर नको. कडेनं पाणी वाहायला जागा सोडायची. काठाच्या वर माल भरायचा नाही, बाजूनं काही बाहेर येऊ द्यायचं नाही. चारही कोपऱ्यांना पिवळसर नारिंगी दिवे, अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत. येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला कोन, म्हणजे रस्त्यावर ठेवतात ते शंकू. कंपनीचं नाव आणि फोन डब्यावर न पुसणाऱ्या अक्षरांत. दोन्ही टोकांना लाल-पिवळे तिरके पट्टे, त्यातला लाल दिवसा उठून दिसणारा आणि पिवळा हेडलाइटच्या उजेडात चमकणारा. या पट्ट्यांचे वेगळे नियमच आहेत, १९८४ पासूनचे. आणि हे सगळं पाळूनही, गरज पडली तर काउन्सिल किंवा गणवेशातला पोलीस डबा हलवायला सांगू शकतो.

दहा दिवसांच्या वाटेत एक काम उरकलं, ते मी आधीच करायला हवं होतं. आमच्या छतावर खडबडीत नक्षीचा जुना लेप होता. इथं ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या अशा लेपात ते असू शकतं. ॲस्बेस्टॉस साध्या स्किपमध्ये टाकता येत नाही, आणि न तपासता छत फोडलं तर धूळ आपल्याच छातीत जाते. नमुना घ्यायला माणूस आला, प्रयोगशाळेचे मिळून ४५ पाउंड, चार दिवसांत निकाल. नाही निघालं. ते चार दिवस मी फार घाबरले होते. निघालं असतं तर बाबांचं तिकीटच पुढं ढकलावं लागलं असतं.

मंजुरी २९ ऑक्टोबरला आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, १ नोव्हेंबरला, खांबावर बे बंद असल्याची पिवळी पाटी लागली. आता सुटलो असं वाटलं, पण पाटी लागली म्हणजे जागा मोकळी असेलच असं नाही. कुणी सुट्टीवर जाऊन गाडी तिथंच सोडली असेल तर ट्रक रिकामा परत जातो आणि त्या फेरीचे पैसे लागतात. सस्पेन्शन सकाळी आठला सुरू होणार होतं. म्हणून आदल्या रात्री तिथं आमचीच गाडी लावली, साडेसातला नवऱ्यानं ती काढली आणि चहाचा कप घेऊन मी तिथं उभी राहिले. तोपर्यंत मोकळ्या रस्त्याचे आणि पेव्हमेंटच्या कडेचे फोटो काढले, तारखेसकट. डांबराला नंतर खड्डा दिसला तर तो आधीचा की आपला, हे दाखवता यायला हवं.

ट्रक आठ दहाला आला. ड्रायव्हरनं आधी दोन जाड फळ्या रस्त्यावर टाकल्या, डांबर दबू नये म्हणून. मग साखळ्या कडकडल्या आणि डबा इतका हळू उतरला की शेवटच्या वितीला मला आवाजच आला नाही. कडेपासून हातभर जागा त्यानं पाण्यासाठी सोडली. कोन त्यानं डब्याभोवती गोल न मांडता येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला तिरक्या रेषेत मांडले, म्हणजे ड्रायव्हर आपोआप बाहेर वळतो. चार दिवे लावले. एका टोकाचे पट्टे चिखलानं भरले होते, ते खिशातल्या फडक्यानं पुसले. जाताना म्हणाला, “दिव्यांकडे रोज बघा.”

दिव्यांची जबाबदारी कुणाची, हे मी नीट वाचून घेतलं होतं. कायद्यानं ती स्किपच्या मालकाची. भाडं एक महिन्यापेक्षा कमी असेल तर मालक म्हणजे कंपनीच. पण कंपनीच्या करारात छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं की दिवे चालू ठेवणं ग्राहकाकडे. आणि संध्याकाळी तिथं असतो तो आपणच.

पहिले दोन दिवस विटा आणि फरशा. गुरुवारी दुपारी बाहेर येऊन बघते तर जमिनीची एक जुनी लांब फळी डब्यातून पेव्हमेंटच्या बाजूला दीड हात बाहेर आलेली. टोकाला दोन खिळे. कामगारांना मी रागावले नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आजी काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यांच्यातला वयानं मोठा होता त्यानं लगेच करवत आणली, आणि पुढं प्रत्येक फळी दोन तुकडे होऊनच डब्यात पडली. त्यानं जागाही कमी व्यापते.

८ तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी पाऊस होता. घड्याळं २७ ऑक्टोबरला एक तास मागं गेलेली, त्यामुळं साडेचारलाच अंधार. सहाच्या सुमारास खिडकीतून बघितलं तर रस्त्याच्या बाजूचे दोन्ही दिवे बंद. काळ्या पावसात काळा डबा. तेवढ्यात एक सायकलवाला त्याच्या अगदी जवळून वळला, आणि माझ्या पोटात गोळा आला. डब्यावरच्या क्रमांकावर फोन केला, कार्यालय सोमवारी उघडणार असा निरोप वाजला. नवऱ्याला टॉर्च देऊन तिथं उभं केलं आणि हार्डवेअरच्या दुकानात धावले. या दिव्यांना सहा व्होल्टची मोठी चौकोनी बॅटरी लागते, साधे सेल चालत नाहीत. ती दुकानाच्या बंद व्हायच्या वेळेला मिळाली. दोनांचे १८ पाउंड. गुडघ्यावर बसून ओल्या हातांनी झाकणाचा स्क्रू फिरवत होते तेव्हा नवऱ्यानं टॉर्च येणाऱ्या गाड्यांकडे धरला होता, माझ्याकडे नाही, आणि तेच बरोबर होतं. दोन्ही दिवे लागले तेव्हा सात वाजून गेले होते. त्या रात्री मी तीनदा उठून खिडकीशी गेले. स्किप येण्याआधीच एक जादा बॅटरी घरात आणून ठेवा, एवढं नक्की करा.

रविवारी सकाळी डब्यात एक गादी सापडली. रस्त्यावरचा उघडा डबा दिसला की लोक रात्री काहीबाही टाकून जातात. गाद्यांचे कंपन्या वेगळे पैसे लावतात. फ्रिज, टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, गॅस सिलिंडर तर चालतच नाहीत. सोफ्यांनाही २०२३ पासून वेगळा रस्ता आहे, कारण त्यांच्या कापडा-फोमातली आग न लागू देणारी रसायनं जाळूनच नष्ट करावी लागतात. प्लास्टरबोर्डही, म्हणजे भिंती-छताला लावतात तो जिप्समचा तक्ता, वेगळ्या पोत्यात हवा, त्याचे आमचे ३० पाउंड गेले. त्यातलं जिप्सम इतर कचऱ्याबरोबर पुरलं तर विषारी वायू तयार होतो. गादी आम्ही काउन्सिलच्या कचरा केंद्रावर नेऊन दिली, आणि त्या रात्रीपासून डब्यावर ताडपत्री ताणून बांधली. पहिल्याच रात्री बांधायला हवी होती.

उचलायचा दिवस सोमवार, ११ तारीख ठरली होती. सकाळी निरोप आला, आज जमत नाही, उद्या. मी सस्पेन्शन १२ पर्यंत मुद्दाम घेतलं होतं, म्हणून निभावलं. ११ पर्यंतच घेतलं असतं तर परत अर्ज आणि परत वाट. एक दिवस हाताशी ठेवाच, ते ३० पाउंड वाया जात नाहीत.

मंगळवारी पावणेचारला ट्रक आला. ड्रायव्हरनं आधी काठ बघितला. माल काठाच्या खालीच होता. काठाच्या वर भरलेला डबा ते उचलत नाहीत, आणि तेव्हा वरचा माल आपल्यालाच परत घरात न्यावा लागतो. त्यानं पावती दिली, तिच्यावर नोंदणी क्रमांक आणि कुठल्या केंद्रावर माल जाणार ते लिहिलेलं होतं. ती मी जपून ठेवलीय.

एकूण ७३२ पाउंड झाले. स्किपचं भाडं त्यातलं निम्मंसुद्धा नाही. बिल्डरनं अंदाजपत्रकात फक्त स्किप लिहिलं असेल तर त्याच्याशेजारी तितकेच किंवा त्याहून जास्त पैसे धरा.

ट्रक वळल्यावर मी झाडू आणि एक मोठं लोहचुंबक घेऊन रस्त्यावर उतरले. चुंबकाला अकरा खिळे चिकटले. सायकलच्या टायरला एक पुरतो. मग उरलेली विटांची भुकटी झाडली, परत फोटो काढले आणि काउन्सिलला पाठवले. अंधार पडत आला होता. आजी दारात आल्या, साखळ्यांचा आवाज त्यांनी ऐकला असावा.

“गेला का?”

“गेला.”

त्यांनी दार ओढून घेतलं, काठी भिंतीला टेकवली आणि दुकानाकडे चालू लागल्या.